देवीची निद्रा आणि गावाचा मान

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिंदू धर्म म्हणजे काय, असे शाळेतल्या पोराने विचारले तर घरातला जाणता माणूसही क्षणभर गप्प बसतो. या धर्माला एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही. वेद आहेत, उपनिषदे आहेत, रामायण-महाभारत आहे, गीता आहे. केलेले कर्म फळाला येते आणि आत्मा मरत नाही, ही समजूत अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही असते. ग्रंथातला धर्म सांगायला पंडित समर्थ आहेत. तो माणसांच्या हातून कसा चालतो हे पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यातल्या तुळजापूरला जावे.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून उचलून नेता येते. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासन सोडून पलंगावर निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, विजयादशमीपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. महिषासुराशी लढायचे म्हणून आधी विश्रांती, आणि लढून थकली म्हणून नंतर विश्रांती, असा भाविक त्याचा अर्थ लावतात. ब्रह्म निर्गुण निराकार आहे असे आपला वेदांत सांगतो, आणि त्याच धर्मातली माणसे देवी दमली असेल म्हणून तिला अंथरूण घालतात. परक्याला यात विसंगती दिसेल. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती कधी दिसली नाही. ज्याच्या घरी बैलाचाही सण होतो, त्याला देवीचा शीण समजतो.

आता हा पलंग येतो कुठून? तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून येतो. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी येते अहिल्यानगरजवळच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळच्या, बुऱ्हाणनगराहून. तिचा मान तेली समाजातील घराण्याकडे आहे. दरसाल पलंग नवा, पालखीही नवी. वाटेतली गावे तिचे स्वागत करतात, ओवाळतात, पुढे पोचवतात. दसऱ्याच्या पहाटे देवीला 108 साड्यांत गुंडाळून पालखीत बसवतात, मंदिराभोवती मिरवतात आणि मग ती नव्या पलंगावर निजते. पौर्णिमेला ती जागी होते, त्या वेळी सोलापूर आणि कर्नाटकाकडून लाखो माणसे पायी आलेली असतात. दिवाळीच्या अमावास्येला काळभैरवाची पेटती भेंडोळी निघते, तिचे मानकरी आणखी वेगळे.

सांगायचा मुद्दा हा की, महाराष्ट्राची कुलस्वामिनी, भोसल्यांचे कुलदैवत, पण तिच्या झोपेची सोय सुताराने, तेल्याने, भोयाने करायची! देव एकट्या पुजाऱ्याच्या हाताने चालत नाही. आपल्याकडे मान या शब्दाचा अर्थ पुष्कळांना फेटा आणि नारळ एवढाच वाटतो. मान म्हणजे मुळात अंगावर घेतलेले काम. ते चुकले तर उत्सव अडतो, आणि म्हणूनच नारळ.

येरमाळ्याच्या येडेश्वरीला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत हाच प्रकार सर्वांसाठी खुला आहे. पालखी निघते तेव्हा भाविक रानातले चुनखडे वेचून एका जागी टाकतात. श्रीमंताचा खडा आणि सालगड्याचा खडा एकाच ढिगात पडतो. तेथे कोणी पावती फाडत नाही.

सणांचेही तसेच आहे. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला मातीचे बैल कुंभाराकडून यायचे. नवरात्रात घटाखालची माती शेतातली, धान्य घरातले आणि ज्योत तुळजापूरहून पोरांनी धावत आणलेली. जिल्ह्याच्या लातूरकडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. रानात कोप उभी करून पूजा करायची, मग भज्जी आणि आंबिल. तेथे शेत हेच देऊळ आणि घरधनी हाच पुजारी.

तेरचे गोरोबाकाका जातीने कुंभार. माती तुडवता तुडवता विठ्ठलाचे नाव घेत. संतमंडळीत कोणाचे मडके कच्चे, हे थापटून सांगण्याचा अधिकार त्यांना मिळाला, अशी कथा आहे. परीक्षा घेणारा कुंभार आणि कच्चे ठरले नामदेव! याच तेरला त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. एका धर्माची वास्तू दुसऱ्याने पाडली नाही, तीत दिवा लावला, म्हणून ती आज उभी आहे. आपल्याच भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आजूबाजूच्या गावांनी त्याचाही आदरच केला.

परंतु जुने ते सारेच सोने, असे म्हणणे खोटे होईल. मानाच्या या रचनेला एक काळी बाजू होती. ज्याच्या हलगीवाचून पालखी हलत नसे, त्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती. मिरवणुकीत सर्वांत पुढे आणि दर्शनात बाहेर. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राणांतिक उपोषण केले. 1950 च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1956 साली मुंबई राज्यात सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारा कायदा झाला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला आपला जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला. कायदा दप्तरात असतो, पायरी गावात असते. जीर्णोद्धारात पायऱ्या नव्याने बसवल्या जातात, तेव्हा ती कोणासाठी बसवली हे पहिल्या उत्सवातच दिसून येते.

दगडाच्या कामाबद्दलही दोन शब्द बोलणे भाग आहे. भक्तीच्या भरात जुन्या भिंतींना तैलरंग फासला जातो, लेख असलेली शिळा पायरीत जाते, वीरगळ उकिरड्याच्या कडेला पडतो. वीरगळ म्हणजे गाईगुरांसाठी, गावासाठी मेलेल्या माणसाचे स्मारक, त्याचे नाव विसरले म्हणून तो धोंडा होत नाही. चकचकीत फरशीचा मोह तर फार मोठा. तुळजापूरला अलीकडच्या जीर्णोद्धारात गाभाऱ्यातल्या नव्या काळच्या फरशा काढल्या, तेव्हा आतल्या जुन्या शिळांना तडे गेलेले 2025 साली दिसून आले. फरशीने भेग बुजत नाही, झाकते. एवढ्या मोठ्या देवस्थानात असे होते, तर खेड्यातल्या देवळाबद्दल काय बोलावे! रंग लावण्यापूर्वी आणि शिळा हलवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या माणसाला एकदा बोलावण्यात कमीपणा नाही. पत्राला उत्तर उशिरा येते हे खरे, पण शिळा कित्येक शतके थांबलेली असते, ती दोन महिने थांबेल.

देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, ते योग्यच आहे. पैशावाचून कळस चढत नाही. मात्र ज्याने चार दिवस बैलगाडी दिली, जिने मजुरी न घेता वाळू चाळली, ज्याने रात्रभर पाण्याची मोटार सांभाळली, त्यांची नावेही आठवणीत आहेत तोवर कागदावर घ्यावीत. दहा वर्षांनी विचारले तर कोणाला सांगता येणार नाही. आणि सभामंडपाचे शेवटचे खांब उभे करण्याआधी भोयांना बोलावून पालखी खांद्यावर घेऊन एकदा वळवून पाहावी. किती जागा लागते ते नकाशावर कळत नाही.