शाहूपुरीच्या गच्चीवर आयरिस

काश्मीर पाहून आलेली हौशी मंडळी आयरिसचे कंद मागवतात आणि कोल्हापुरात ते फुलत नाहीत म्हणून हिरमुसतात. खालच्या तीन पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या त्या जातीला कडक थंडी लागते. शिवाय आपल्या पावसात तिचे कंद कुजतात.

त्यापेक्षा तिची भावंडं लावा. माझी आवडती ब्लॅकबेरी लिली. नावात लिली असली तरी ती आयरिसच; 2005 साली शास्त्रज्ञांनी तिला आयरिस वंशात घेतलं. नारिंगी फूल, त्यावर तांबडे ठिपके, सहाही पाकळ्या जवळपास सारख्या. फूल एकच दिवस टिकतं आणि सुकताना पिळलेल्या कपड्यासारखं वळतं. मग बोंड उकलून काळं चकचकीत बी दिसतं. ते पेरलं तर सहसा दुसऱ्या वर्षी फूल येतं.

वॉकिंग आयरिसचा दांडा फुलल्यावर वाकतो, टोकाचं रोप मातीला टेकतं आणि तिथंच मुळं धरतं. डाएटीसचं फूल पांढरं, पिवळ्या डागांचं, मध्ये जांभळी छटा. तिचे जुने दांडे छाटू नका, त्यांवर पुन्हा कळ्या येतात.

फूल नसेल तर ओळखण्यासाठी पान पाहा: तलवारीसारखं, बुंध्याशी पंख्यागत रचलेलं. अर्थात ग्लॅडिओलसही तसाच दिसतो, कूळ एकच.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत अंगणं कमी, म्हणून कुंडीच बरी. काळ्या मातीत निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा, तळाला खापऱ्या घाला. कंद खोल पुरू नका. दाटी झाली की पावसाळा सरल्यावर कंद सोडवून शेजाऱ्यांना द्या.