वालधुनीचा अभ्यास आणि सायटेशनचा हिशेब

परिसरशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्रातील आघाडीच्या शास्त्रज्ञांच्या क्रमवाऱ्या आज मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतात: कोणाच्या शोधनिबंधाचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला. ही मोजणी पद्धतशीर झाली ती यूजीन गारफिल्ड यांच्या 1964 च्या सायन्स सायटेशन इंडेक्सपासून. त्यामागचा हेतू ग्रंथपालाचा होता. एखाद्या कल्पनेचा माग पुढच्या लेखनातून काढता यावा, इतकाच. माणसांना नंबर लावणे नंतर आले.

2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे 90, 40, 12, 5 आणि 5 संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स 5, कारण किमान पाच संदर्भ मिळालेले त्याचे पाच निबंध आहेत. पहिल्या निबंधाला 90 ऐवजी 9,000 संदर्भ मिळाले, तरीही 5 च. वय वाढते तसा हा आकडा वाढतो, कधी कमी होत नाही. तरुण संशोधकाला त्याच रांगेत उभे करणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून वर्तमानपत्रांत दरवर्षी गाजणारी यादी जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची. ती स्कोपस या संदर्भसंग्रहाच्या माहितीवर बनते आणि सहा मापांचा एकत्रित गुण काढते. लेखक एकटा होता, पहिला होता की शेवटचा, हेही तीत पाहिले जाते. स्वतःचेच संदर्भ वगळून गुण किती उरतो, तेही ती दाखवते. बातमीत मात्र हा तपशील सहसा येत नाही, अभिनंदनाचा फलक तेवढा लागतो.

सजीवांच्या अभ्यासात या मापांची अडचण अधिक आहे. सर्वाधिक संदर्भ मिळतात ते पद्धतीच्या निबंधांना. साइतोऊ आणि नेई यांनी 1987 मध्ये वंशवृक्ष काढण्याची एक रीत दिली. तिला हजारो संदर्भ मिळाले, कारण ती प्रत्येकाला लागते. नवी प्रजाती शोधणाऱ्याचे नशीब उलटे. आंबोलीच्या हिरण्यकेशीतला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा 2020 मध्ये नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. पण प्रजातीच्या नावापुढे शोधकाचे नाव आणि वर्ष लिहिण्याची प्रथा असली, तरी तो मूळ निबंध संदर्भयादीत बहुधा जात नाही. नाव सर्वत्र, मोजणीत शून्य.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. विल्यम बॉसर्ट यांच्यासह 1970 मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये आलेला त्यांचा जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवरचा निबंध जगभर उद्धृत झाला. परंपरागत ज्ञानावर बर्केस आणि फोल्के यांच्यासोबत 1993 मध्ये लिहिलेला निबंधही तसाच. या आकड्यांवर ते कोणत्याही यादीत वरच बसतात. मात्र महाराष्ट्रात त्यांचे नाव घरोघरी पोचले ते 2011 च्या पश्चिम घाट अहवालामुळे, लोकजैवविविधता नोंदवह्यांमुळे आणि आयुष्यभर मराठीत केलेल्या लेखनामुळे. गावाने काय ठरवावे याचा वाद ज्या कागदांनी पेटवला, त्यांना या हिशेबात जवळजवळ जागाच नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या प्राध्यापकांना हा प्रश्न दूरचा नाही. बारवी धरण, उल्हास नदी, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी हे त्यांचे प्रयोगशाळेबाहेरचे क्षेत्र. 2014 च्या नोव्हेंबरात वालधुनीत ओतलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा नदीच्या पाण्यातला प्राणवायू, जड धातू, मासे यांची वर्षानुवर्षे ठेवलेली नोंद परदेशातला संशोधक क्वचितच उद्धृत करील. नगरपालिकेला आणि न्यायालयाला मात्र तीच लागते.

पदोन्नतीला निबंधांची संख्या जोडली गेली, तेव्हा काय झाले तेही याच राज्याने पाहिले. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की, विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीत शिरलेल्या आणि तपासल्या गेलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने 4,305 नियतकालिके वगळली आणि पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून ‘केअर’ या नव्या यादीचे काम सुरू झाले. 2025 मध्ये ती यादीही बंद करण्यात आली. यादी बदलली, मोजण्याची हौस गेली नाही. आकड्याला बक्षीस ठेवले की आकडा पिकतो, शास्त्र पिकेलच असे नाही.

म्हणून आकडे टाकून द्यावेत असे नव्हे. एकाच शाखेतल्या, साधारण सारख्या वयाच्या संशोधकांची तुलना करताना त्यांचा उपयोग होतो. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या निवडीपेक्षा ते बरेच. 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने नियतकालिकाच्या गुणांकावरून माणूस तोलू नये असे सांगितले आणि 2015 च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण मागितले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या महाविद्यालयांनी स्थानिक संशोधनाचे हे तत्त्व आपल्या मूल्यमापनात घ्यावे: उल्हास आणि वालधुनीच्या दीर्घ नोंदी, प्रजातींची वर्णने, नगरपालिकांच्या जैवविविधता नोंदवह्या आणि मराठीतील अहवाल यांना शोधनिबंधाच्या बरोबरीने गुण द्यावेत, आणि तसा ठराव विद्यापीठाकडे पाठवावा.