आधी आवाज



स्वसंरक्षणावर बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. मला कराटेतलं काही येत नाही. लेकीला सोबत म्हणून पुण्यात एका वर्गाला गेले आणि तिच्यापेक्षा मीच जास्त रमले.

पहिले दोन रविवार कुणी हातही उचलला नाही. फक्त ओरडायचं. 'थांब! मागे हो!' ऑफिसात वीस-वीस माणसं हाताळणाऱ्या बायका, पण आवाज घशातच अडकलेला. एकीच्या तोंडून तर 'अहो, जरा मागे व्हा ना' असं आलं! छेडणाऱ्यालाही अहो-जाहो करणारे आपण. खरं तर या शाळेतल्या मुलींना हे जड जायला नको. खो-खोत 'खो' मोठ्यानं दिला नाही तर फाउल धरतात. मैदानावरचा तो आवाज नंतर कुठे गेला, कोण जाणे.

जेफ कूपर नावाच्या अमेरिकी मरीन अधिकाऱ्यानं सावधपणाला रंग दिले: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल. फोनमध्ये डोकं खुपसून जिना उतरणं म्हणजे पांढरा. मान वर, कान मोकळे, मन शांत, तो पिवळा. त्यात दिवसभर राहता येतं. मागचा माणूस आपण रस्ता ओलांडला की ओलांडतो, थांबलो की थांबतो, असं दिसलं की नारिंगी. तेव्हाच उजेडातल्या दुकानात शिरायचं. लालपर्यंत वाट पाहायची नाही. आमच्या धंद्यातही चूक लवकर सापडली तर स्वस्तात सुटते.

भांडणाचं तंत्र वेगळं. गेल्या पावसाळ्यात सिग्नलला माझी गाडी एका मोटारीला जेमतेम घासली. गृहस्थ उतरून काचेवर थापा मारू लागले. मी दारं बंदच ठेवली, काच बोटभर खाली घेतली आणि हळू आवाजात म्हटलं, 'तुम्हाला राग येणं साहजिक आहे. फोटो काढू, विम्यातून करू.' चूक कुणाची, हा विषयच काढला नाही. मागे दहा माणसं बघत असताना त्यांना तोऱ्यात परत जायला वाट हवी होती, ती दिली. दोन मिनिटांत गेले. जिंकायचंच असतं, तर मी अजून तिथेच असते. मात्र कुणी पर्स मागितली तर वाद नको. ती एकीकडे फेकायची आणि दुसरीकडे पळायचं.

गर्दीत नुसतं 'वाचवा' म्हटलं, तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी जाईल. एकालाच बोट दाखवायचं: 'निळ्या शर्टातले काका, 112 ला फोन करा!' बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो. तुमच्या फोनमध्ये किती वेळा दाबायचं, ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. मुलगे हो, तुम्हीसुद्धा.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. मैदानावर या, दोन ओळीत समोरासमोर उभे राहू. पीटीच्या सरांनी शिट्टी आणलीय. 'अहो' म्हणेल तो बाद.