नावाची ठेव

मंडळी, आपल्या भोर भागात आईवडिलांच्या नावाने देवळाला पायरी बसवतात. हे चांगलेच आहे. पण नाव राखायची आणखी एक रीत आहे. ती आज सांगतो.

कलकत्त्याला आशुतोष मुखर्जी म्हणून मोठे विद्वान होते. त्यांची लेक कमला तरुणपणीच वारली. तिच्या नावाने त्यांनी विद्यापीठात ठेव ठेवली. मुद्दल तसेच ठेवायचे आणि व्याजातून विद्वानांची व्याख्याने करायची. लेक गेली, पण तिच्या नावाने ज्ञानाची पंगत बसू लागली.

त्याच विद्यापीठाला १९१३ साली रासबिहारी घोष या वकिलांनी १० लाख रुपये दिले. त्यातून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. ती मिळाली कोणाला? आपल्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना! पुढे १९४६ साली पुण्यात संशोधन संस्था निघाली. आघारकर तिचे पहिले संचालक. आज तिला त्यांचेच नाव आहे. गव्हाचे, सोयाबीनचे नवे वाण तिथे तयार झाले. बघा, पैसा बंगालचा अन् पीक महाराष्ट्रात!

तुम्ही म्हणाल, "आम्ही लाख कुठून आणावे?" अहो, लाख कशाला? तेराव्याच्या जेवणावळीतले थोडे वाचवा. भावंडे मिळून गावच्या शाळेच्या नावे ठेव ठेवा. व्याजातून दरसाल एक जाणता माणूस बोलवा. भाताचे बी कसे निवडावे, करपा कसा ओळखावा, हे तो सांगेल.

पायरीवरचे नाव पायांनी झिजते. हे नाव दरसाल पेरणीच्या आधी गावाच्या तोंडी येईल.