सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंतांचे अभिनंदन अध्यक्षसाहेबांनी केलेच आहे. त्यात माझा आवाज मिसळतो आणि विषयाकडे वळतो.

आज ज्यांनी येथे पारितोषिके घेतली त्यांपैकी कोणी फार्मसीला जाईल, कोणी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला, कोणी सी.ए.च्या परीक्षेला बसेल. शिक्षण पुरे झाले की समाज त्यांच्या हाती एक अधिकार देतो. तो अधिकार म्हणजे त्यांची सही. दुसऱ्या कोणाच्या सहीने ते काम भागत नाही, म्हणून तर या शिक्षणाला किंमत आहे. लाच घेऊ नये, चोरी करू नये हे सांगायला वक्ता बोलवावा लागत नाही. ते प्रत्येक घरी सांगितलेले असते. खरा पेच निराळा असतो. वरिष्ठ माणूस वाईट नसतो, पगाराची गरज खरी असते, समोरचा कागदही निम्मा खरा असतो, आणि सही मात्र आज रात्रीच हवी असते.

अमेरिकेतील एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. त्याची जाहीर चौकशी झाली, त्यामुळे कोण काय बोलले हे नोंदले गेले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले. आतील सातही जण मृत्यू पावले. त्यांत एक शाळेतील शिक्षिका होत्या. यानाला वर नेणारी घन इंधनाची रॉकेटे मॉर्टन थायोकोल नावाची कंपनी बनवीत असे. रॉकेटच्या तुकड्यांच्या सांध्यांत रबरी कड्या असत. थंडीने रबर कडक झाले तर सांधा वेळेवर बंद होणार नाही व आतला तप्त वायू बाहेर येईल, ही भीती कंपनीतील रॉजर बॉइजोली या इंजिनिअरने जुलै १९८५ मध्येच लेखी कळवली होती.

उड्डाणाच्या आदल्या रात्री कडाक्याच्या थंडीचा अंदाज आला. टेलिफोनवर बैठक झाली. तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर उडवू नका, असे कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितले. ‘नासा’च्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटे मागितली. ती अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितले की, आता इंजिनिअरची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. चौघा व्यवस्थापकांनी मिळून सल्ला फिरवला.

येथे क्षणभर थांबू या. एरवी इंजिनिअरला विचारतात, हे सुरक्षित आहे असे सिद्ध कर. त्या रात्री प्रश्न उलटा झाला: हे बिघडेलच असे सिद्ध कर. इंजिनिअरांपाशी आकडे थोडे होते. त्यांना शंका होती, खात्री नव्हती. खात्री असती तर नाही म्हणणे सोपे गेले असते. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापुढे येणारे बहुतेक प्रसंग असेच अर्धवट उजेडातले असतील. प्रश्न असा उलटा फिरलेला दिसला की सावध व्हावे, एवढी खूण ध्यानात ठेवा.

या रॉकेटांच्या कामाचा कंपनीतील प्रमुख ॲलन मॅकडोनाल्ड तेव्हा उड्डाणतळावर होता. संमतिपत्रावर सही त्याने करावी अशी अपेक्षा होती. त्याने ती केली नाही. मग दुसऱ्या वरिष्ठाने कारखान्यातून सही करून कागद फॅक्सने पाठवला. सकाळी तापमान होते ३६ अंश.

म्हणजे मॅकडोनाल्डच्या नकाराने यान थांबले नाही. मग उपयोग काय झाला, असे कोणीही विचारील. पंधरवड्याच्या आत चौकशी आयोगाची बंद दाराआड बैठक झाली. तेथे अपुरी हकिकत सांगितली जात आहे असे पाहून हाच माणूस मागून उठला आणि आमच्या इंजिनिअरांनी विरोध केला होता, हे त्याने सांगितले. त्या कागदावर त्याची सही असती तर त्याला असे उठता आले असते का, याबद्दल मला शंका आहे. कंपनीने त्याला कामावरून बाजूला केले. अमेरिकी काँग्रेसच्या सभासदांनी आवाज उठवला तेव्हा परत घेतले, आणि सांध्याची नवी रचना करण्याचे काम त्याच्याकडेच दिले. सप्टेंबर १९८८ मध्ये यान पुन्हा उडाले. बॉइजोलीच्या वाट्याला मात्र एवढे आले नाही. त्याला कंपनी सोडावी लागली. १९८८ साली वैज्ञानिकांच्या एका मोठ्या संस्थेने त्याचा पुरस्कार देऊन गौरव केला. पुरस्काराने नोकरी परत मिळत नाही.

आपल्याकडचा दाखला सत्यम कंपनीचा. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की हिशेबात दाखवलेले सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या हिशेबांवर वर्षानुवर्षे हिशेबतपासनिसांच्या सह्या होत होत्या. २०१५ साली विशेष न्यायालयाने ज्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली त्यांत दोन हिशेबतपासनीस होते. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, पण नावाला लागायचे ते लागलेच.

ही मोठ्या लोकांची प्रकरणे झाली. आता आपल्या गल्लीत येतो. डी.फार्म. झालेल्या मुलाला काही दिवसांत विचारणा होते: “तुझे सर्टिफिकेट दुकानात लावू दे, तू यायची गरज नाही, महिन्याचे पैसे घरपोच.” १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. तो दुकानात नसेल तर काउंटरवरचा बारावी नापास पोरगा देतो. साखर कमी करणारी गोळी आणि रक्तदाबाची गोळी यांची नावे कधी कधी एका अक्षराने जुळतात. चूक झाली तर भिंतीवरच्या चौकटीत नाव कोणाचे? नोंदणी रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच. तरीही हे भाडे आपल्याकडे उघडपणे घेतले जाते, आणि पालक ते कौतुकाने सांगतात: बसल्या जागी कमाई! आपण हलाल-हराम जेवणाच्या ताटापुरते फार बारकाईने पाहतो; या भाड्याचा विचार कोणी मौलवीसाहेबांना विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी मुलांना हुतात्मे व्हा म्हणत नाही. सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरने २००२ साली महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले. नाव गुप्त ठेवा, असे लिहिले असूनही ते पत्र नावासकट इतर कार्यालयांत फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. खटल्यात ती लुटारूंनी केल्याचे ठरले, पण त्या फुटलेल्या नावाची टोचणी राहिली. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी गुप्तपणे देण्याची सोय झाली. तेव्हा एकट्याने, तोंडी आणि रागात काही करू नका. “साहेब, माहिती अपुरी आहे, दोन दिवस द्या,” असे म्हणता येते. तोंडी हुकूम असेल तर “कागदावर द्या” म्हणता येते. कित्येकदा एवढ्यानेच हुकूम विरतो. तारीखवार नोंद आपल्या वहीत ठेवा.

आता पालकांशी दोन शब्द. ‘नाही’ म्हणण्याची ताकद मुलाच्या अंगी असते तशी घरच्या हिशेबातही असते. नोकरी लागून सहा महिने झाले नाहीत तोच गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचे कर्ज आणि नव्या स्लॅबचा खर्च त्याच्या पगारावर चढवला, तर त्याने साहेबांपुढे मान वर कशी करावी? पहिली दोन वर्षे त्याच्या पगारातून तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडू द्या. लग्नाचा मांडव थोडा लहान झाला तर चालेल. मुलगा घरी येऊन “अमुक कागदावर सही मागतात” म्हणाला, तर “सगळेच करतात, तू कोण मोठा” हे वाक्य तेवढे बोलू नका. आधी तो कागद काय आहे ते विचारा.

आणि संस्थेला एक विनंती. येथून शिकून गेलेले फार्मासिस्ट, इंजिनिअर, हिशेबनीस आज ठिकठिकाणी आहेत. प्रत्येक धंद्यातले दोन-तीन वडीलधारे निवडून त्यांचे टेलिफोन नंबर शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना द्यावेत. सही करण्यापूर्वी रात्री दहा वाजता ज्याला फोन करता येईल, असा माणूस त्यांना हवा आहे. यादीत माझे नाव घालायचे असेल तर माझी हरकत नाही.