लेकीचं कॉलेज बघायला जाताना

 

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई सुरू होते. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, मुक्काम कोणाकडे, रात्री दंडार बघायला कोण कोण थांबणार, हे सगळं आपण आधी ठरवून ठेवतो. पोरीसाठी स्थळ आलं तर मग विचारूच नका. मुलाचं घर बघतो, बांध्या किती आहेत, पाणी बोडीचं की विहिरीचं ते बघतो, सासू कशी आहे हे शेजारणीला हळूच विचारतो. आणि तीच पोरगी बारावी होऊन तीन वर्षं परक्या शहरात राहायला निघते, तेव्हा आपण काय बघतो? मोबाइलवर आलेला एक फोटो. मोठी पिवळी इमारत आणि पुढे हिरवं गवत.

आम्ही कोणाला नावं ठेवायला बोलत नाही. ही चूक आमच्याच गटात झाली आहे. निकाल लागला तसा एक माणूस मोटारसायकलवर गावात आला. फी नाही, हॉस्टेल आहे, कॉलेजची बस आहे, तुम्ही फक्त सही करा म्हणाला. आमच्या एका ताईच्या घरी सही झाली. बघायला कोणी गेलं नाही, कारण रोवणी तोंडावर होती. पोरगी गेली तर हॉस्टेल म्हणजे दुकानांच्या वरच्या दोन खोल्या, चौदा मुलींत एक संडास, आणि कॉलेज तिथून अर्ध्या तासाच्या पायी वाटेवर. दिवाळीला आली ती परत गेली नाही. मार्कशीट मागायला गेलो तर वर्षाची बाकी भरा, मग देतो, असं उत्तर मिळालं. मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच कळवलेलं आहे. ते आम्हाला फार उशिरा कळलं. पुढच्या पावसाळ्यात ती पोरगी आमच्यासोबत चिखलात रोवणीला होती. गावात बोललं गेलं की पोरीला झेपलं नाही. तिला झेपलं नाही असं कसं म्हणायचं? आम्हीच बघायला गेलो नव्हतो.

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ठरवलं, बघितल्याशिवाय फॉर्म नाही.

पहिला प्रश्न आला कधी जायचं. निकालानंतर जाऊ, असं सगळ्याजणी म्हणाल्या. पण मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं, भिंती दिसतात, माणसं दिसत नाहीत. जुलैत आपल्याला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून आम्ही डिसेंबर धरला. धान चुरून घरात आलेलं असतं, बारावीची परीक्षा दूर असते आणि कॉलेज भरलेलं असतं. मधला वार निवडा. रविवार तर नाहीच, शनिवारही नको. आधी कॉलेजच्या ऑफिसात फोन करा, कोणत्या दिवशी आलो तर वर्ग, प्रयोगशाळा आणि वसतिगृह तिन्ही दाखवाल ते विचारा, आणि फोनवर बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा. तिथे गेल्यावर त्या नावाचा फार उपयोग होतो.

दुसरा प्रश्न, जायचं कोणी. आपल्याकडे बाप जातो, नाही तर काका जातो, कारण त्याला नागपूर माहीत असतं. आमचं म्हणणं आहे की पोरगी आणि माय या दोघी असल्याच पाहिजेत. आणि तिसरं माणूस? ज्याचा नकार येणार आहे ना, त्यालाच न्या. आमच्यातल्या एका घरात आजी आडवी येत होती, इतक्या लांब पोरीची जात एकटी कशाला ठेवायची म्हणून. तर आजीला सोबत घेतलं. ती पंच्याहत्तरच्या वरची, तिला एसटीत तिकीटच नाही. मार्च २०२३ पासून आपल्या सगळ्या बायांना अर्धं तिकीट आहे. पूर्ण तिकीट फक्त दोन बापांचं लागलं, त्यावरून रस्ताभर त्यांची थट्टा झाली.

पण बाई घराबाहेर का पडू शकत नाही, याचं खरं कारण तिकीट नसतं. गाय कोण दोहणार, सासऱ्याला जेवायला कोण वाढणार, हे असतं. ते काम गटानं उचललं. चार घरची माणसं गेली, बाकीच्या बायांनी ती चार घरं एक दिवस वाटून घेतली. ज्यांच्याकडे वाटखर्चाला पैसे नव्हते त्यांना अंतर्गत कर्ज दिलं. बकरीसाठी देतो, मग यासाठी का नाही?

आता कुठे जायचं. नागपूरच बघायचं असं नाही. भंडाऱ्याला जे. एम. पटेल महाविद्यालय आहे, साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पोरगी घरून येणं-जाणं करणार असेल तर जवळचं आधी बघा, एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते. नागपूरचं म्हणाल तर शंकरनगरात लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय आहे, लोक त्याला एलएडी म्हणतात. ते मुलींचंच आहे आणि १९३२ पासून चालू आहे. मेट्रोच्या एका स्टेशनला त्याचंच नाव आहे. आणि महाराजबाग? शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तिथे वाघ, माकडं पाहिली आहेत. ती बाग ज्या कृषी महाविद्यालयाची, ते १९०६ सालचं कॉलेज तिथेच बाजूला आहे. धान पिकवणाऱ्या घरातल्या आपण, माकडं पाहून परत आलो आणि कॉलेज कोणी दाखवलं नाही. आम्हीही पोरांना तसंच आणलं, खोटं कशाला बोलायचं.

आम्ही दोन कॉलेजं बघितली. त्यांची नावं मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या पोरीचा विषय वेगळा, पसंती वेगळी.

लाखनीहून सकाळची पहिली बस धरली. मौदा गेलं, नागपूर जवळ आलं की प्रजापती नगर येतं. तिथून मेट्रो सीताबर्डीला आणि पुढे शंकरनगर, एलएडी चौकाकडे जाते. बस तिथे थांबेल का, हे कंडक्टरला चढतानाच विचारा. सरकत्या जिन्यापाशी आजी थांबली ती थांबलीच. हा जिना मला घेऊन जाणार की मी त्याला, असं म्हणाली. शेवटी लिफ्टनं नेलं. हसायला आलं, पण आमच्याही पायात गोळे आले होते. आणि सगळी वाट पोरींना पुढे करून गेलो. तिकीट त्यांनीच घेतलं, पाटी त्यांनीच वाचली. उद्या त्यांनाच एकट्यांना यायचं आहे.

कॉलेजात शिरल्यावर माणूस सरळ ऑफिसात जातो आणि तिथला साहेब जे सांगेल ते ऐकून परत येतो. आम्ही आधी कॅन्टीनपाशी बसलो. डबे सोडले. तिथे गोंदियाकडची एक मुलगी भेटली, आमचं बोलणं ऐकून स्वतःच जवळ आली. तिनं अर्ध्या तासात जे सांगितलं ते कोणत्याच छापील पुस्तकात नव्हतं. कोणते तास रोज होतात, कोणते कागदावरच होतात. मराठी शाळेतून आलेल्यांना पहिले सहा महिने इंग्रजी जड जातं, पण एक मॅडम सुट्टीनंतर बसून समजावतात. जेवणात आठवड्यातून किती दिवस नुसता बटाटा असतो. आमच्या पोरी आमच्यासमोर तोंड उघडत नव्हत्या, म्हणून आम्ही उठून बाजूला गेलो. मग त्यांचं जे सुरू झालं, ते बोलवायला जाईपर्यंत थांबलं नाही. तेव्हा मायांनो, थोडा वेळ मुद्दाम लांब जा.

मग पैशाचं. इथे लाजू नका. विचारायचं एकच आहे, पूर्ण वर्षात आमच्या घरातून किती रुपये जातील, ते कागदावर लिहून द्या. शासनानं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींची, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण नीट ऐका, ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशातून गेलेल्या मुलीला आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही. मोटारसायकलवर येणारा माणूस नेमकं हेच सांगत नाही. आणि माफी शिकवणीची आहे, खोलीची, जेवणाची, बसची नाही. त्यासाठी शासकीय वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयं, इतर मागास आणि भटक्या जमातींसाठी आधार, अशा योजना आहेत. आपल्या पोरीला कोणती बसते ते समाजकल्याण नाही तर आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारा, आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, जात वैधता ही कामं डिसेंबरातच सुरू करा. निकालानंतर सेतू केंद्रावर काय गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको.

वसतिगृह मात्र सावकाश बघा. पहिल्या कॉलेजात आम्हाला सांगितलं, चावी नाही, मॅडम बाहेर गेल्या. आम्ही दीड तास बसलो. चावी आली नाही. आम्ही ते कॉलेज यादीतून काढलं. जिथे पोरीला झोपायचं आहे ती खोली मायला दाखवता येत नसेल, तर बाकीचं बघून काय करायचं?

दुसऱ्या ठिकाणी दाखवलं. आम्ही संडासाच्या प्रत्येक दाराची कडी लावून बघितली, दोन कड्या तुटक्या निघाल्या, तसं वहीत लिहिलं आणि मॅडमलाही सांगितलं. पाणी किती वाजता येतं, पॅड टाकायची सोय कुठे, रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, घरी फोन कधी करता येतो. फॉर्मवर स्थानिक पालकाचं नाव लागतं, तेव्हा नागपुरातलं कोण नातेवाईक उभं राहील ते आधीच ठरवून ठेवा. भिंतीवर रॅगिंगविरोधी समितीचा आणि महिला तक्रार समितीचा, म्हणजे अंतर्गत समितीचा फलक शोधा, त्यावर नावं आणि नंबर आहेत का बघा. रॅगिंगचा देशभराचा मोफत नंबर आहे १८००-१८०-५५२२. पुन्हा सांगतो, पेन घ्या, १८००-१८०-५५२२.

शेवटचं काम आम्ही अंधार पडल्यावर केलं. थंडीत साडेसहाला काळोख होतो. तेव्हा स्टॉपपासून वसतिगृहाच्या दारापर्यंत चालत गेलो. दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का, कुत्री किती. बापांना हे काही पटत नव्हतं, परतीची बस चुकेल म्हणून कुरकुर चालली होती. चुकली नाही, पण घरी पोचायला रात्र झाली हे खरं. सकाळी एकच कॉलेज बघितलं असतं तर धावपळ झाली नसती. तुम्ही दिवसाला एकच धरा.

चारपैकी दोन पोरी त्या कॉलेजात गेल्या. एकीला नागपूर आवडलंच नाही, ती भंडाऱ्याला जाते, बसनं. चौथीचं अजून ठरायचं आहे.

त्या दोघींतल्या एकीचा पहिल्याच आठवड्यात रडत फोन आला. रोवणी चालू होती, माय बांधीत होती. जाऊबाई म्हणाली, घेऊन ये, उगाच जीव टांगणीला कशाला लावतेस. घरचे सगळे तेच म्हणाले, आजी सोडून. मायनं हात धुतले आणि सांगितलं, ती वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून कडुलिंब दिसतो, खाली मॅडम राहते, कड्या दुरुस्त झाल्या म्हणून पोरीनंच सांगितलं आहे, मी जाऊन येते, पण घेऊन येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली. एकटी, पहिल्या बसनं, डब्यात भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन. प्रजापती नगरला उतरली आणि सरकत्या जिन्यावरून वर गेली, असं ती स्वतःच सांगते.