शुश्रूषा करणाराची शुश्रूषा

(वर्धापनोत्सवातील सभेत केलेले भाषण)

 

या सभेत आजवर मी शास्त्रविषयांवर बोलत आलो. आज स्वतःच्या एका चुकीविषयी बोलण्याची अनुज्ञा मी श्रींकडून मागून घेतली आहे.

आमच्या पाठशाळेतील एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावास थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा विकार आहे. अशा बालकाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. दर २ ते ४ आठवड्यांनी त्यास दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि हा क्रम बहुधा जन्मभराचा. त्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचते. ते काढून टाकण्यास आता गोळ्याही मिळतात. परंतु या बालकास रात्री आठ-दहा तास कातडीखाली सुई टोचून पंपाने औषध द्यावे लागे. सुई निसटू नये म्हणून आईवडील आळीपाळीने जागत, आणि रक्त देण्याच्या दिवशी पहाटेच खानापूर तालुक्यातील आपल्या गावाहून बेळगावची गाडी गाठीत.

एकदा ती माउली मठात आली. प्रसाद हाती तसाच धरून बसून राहिली. मी म्हणालो, "वहिनी, हे प्रारब्ध. भोगूनच सरावयाचे." तिने वर पाहिले. "कोणाचे, शास्त्रीबुवा? त्याचे की माझे?" एवढेच विचारून ती उठली. पुढे सहा महिने तिचे पाऊल मठात पडले नाही.

घरी हाच प्रश्न तिला नित्य विचारला जात होता, हे मला मागाहून कळले. कोणाच्या कुळातून हे आले? वस्तुतः हा दोष माता व पिता या दोघांकडूनही आल्यावाचून विकार होत नाही. दोघे स्वतः धडधाकट असतात, आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव शेकडा २५ असतो. विवाहापूर्वी रक्ताची एक तपासणी केली असता हे कळू शकते. छत्तीस गुण जुळवून पाहणारे आपण ही तपासणी का टाळतो, न कळे. असो.

कर्मसिद्धांत आपणास आपल्या स्वतःच्या आचरणाचा विचार करण्यासाठी दिला आहे. परक्याच्या उंबरठ्यावर उभे राहून त्याच्या दुःखाचा हिशेब मांडण्यासाठी नव्हे. तो हिशेब मी मांडला.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. उपस्थात्याच्या गुणांत त्यांनी दक्षतेबरोबर अनुरागही गणला आहे. आईबापांच्या ठायी अनुराग कमी पडत नाही. कमी पडते ती झोप. मग अन्न गोड लागत नाही, क्षुल्लक कारणाने संताप येतो, आणि संताप ओसरल्यावर आपण वाईट आईबाप आहोत असे वाटून मन स्वतःलाच खाऊ लागते. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद श्रेष्ठ, असेही चरकाचार्यच म्हणतात. म्हणजे हा पाद ढळला तर बालकाची चिकित्साही ढळते.

कोणी म्हणतील, नामस्मरण असता खिन्नता कशी येईल? गीतेचा पहिला अध्याय विषादयोग म्हणून ओळखला जातो. अर्जुनाचे तोंड कोरडे पडले, हातून धनुष्य गळले. भगवंतांनी त्याला रागे भरले, पण रथातून उतरविले नाही. नाम घ्यावे, आणि झोप उडाली वा जगणे नकोसे वाटू लागले तर मनाच्या वैद्याकडेही जावे. केंद्र सरकारने २०२२ साली चालू केलेली टेलिमानस ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता आपले काम. त्या घरी जाल तेव्हा कारण विचारू नका, दुसऱ्या गावच्या बुवांचा उपायही सांगू नका. डबा न्या. थोरल्या मुलाचा अभ्यास घ्या. त्याच्याकडे पाहण्यास घरात कोणास उसंत नसते. बालकाजवळ बसण्यास आधी शिका, आणि मग त्याच्या आईला दोन तास निजू द्या. निरोगी पुरुषास ३ महिन्यांनी व स्त्रीस ४ महिन्यांनी रक्तदान करता येते.

मी त्या घरी क्षमा मागावयास गेलो. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पंप कसा लावावयाचा ते मला दाखविले. तेव्हापासून गुरुवारची रात्र पाठशाळेकडे आहे. अन्य वारांसाठी नावे उत्सवानंतर मठाच्या कार्यालयात नोंदवून घेतली जातील. एवढे निवेदन करून मी आपली रजा घेतो.